स्क्रीनवर टोकदार, कागदावर मऊ

घरच्या प्रिंटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. राजवाड्याचा एक फोटो आहे, संध्याकाळी समोरच्या बगिच्यातून काढलेला, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. लॅपटॉपवर झरोक्यांची लाकडी नक्षी अगदी स्वच्छ दिसते, पण घरच्या इंक टँक प्रिंटरवर ए-४ काढला की सगळं मऊ पडतं. मग मी शार्पनिंगची पट्टी ओढत गेलो तर छताच्या कडेला पांढरी रेघ आली, आता फोटो बघितला की आधी ती रेघच दिसते. तीन दिवसांत अर्धं पाकीट कागद संपला. नेमकं किती शार्प करायचं, एक आकडा सांगून टाका. (रामबाग, इंदूर)

उत्तर : दादा, एकच आकडा सांगितला तर पुढचं अर्धं पाकीटही जाईल, कारण तो आकडा फोटोवर कमी आणि कागद न् साइजवर जास्त ठरतो. तुमचं कुठे चुकलंय ते मला वाटतं माझ्या लक्षात आलंय. तुमचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, ए-४ ला ३०० पीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल) लागतात साधारण ३५०८ बाय २४८०. तुम्ही शार्प केलं मोठ्या फाइलवर आणि लहान करायचं काम प्रिंटरवर सोडलं, मग ज्या बारीक कडा तुम्ही उठवल्या त्या लहान होताना एकमेकींत मिसळून गेल्या, म्हणून मऊ. ते भरून काढायला रेडियस (उठवलेल्या कडेची रुंदी) वाढवला, आणि जाड रेडियसची कड लहान केल्यावरही उरते, ती तुमची पांढरी रेघ.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी रंग, उजेड, डाग वगैरे जे काय करायचं ते करून मूळ फाइल शार्प न करता सेव्ह करा. मग तिची कॉपी घ्या, क्रॉप करा (कॅमेऱ्याचा फोटो ३:२, ए-४ त्यापेक्षा कमी लांबट, बाजूचं थोडं कापलं जाणारच), ए-४ च्या साइजला ३०० पीपीआयवर आणा, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी. एप्सन असेल तर ३६० ठेवा, त्या प्रिंटरांचा हिशोब ३६०-७२० चा असतो, कॅनन-एचपीचा ३००-६०० चा. उद्या तोच फोटो पोस्टकार्ड साइजमध्ये हवा झाला तर परत मूळ फाइलपासून सुरुवात, शार्प केलेली फाइल पुन्हा लहानमोठी करायची नाही.

आता रेघेबद्दल थोडं सविस्तर, कारण हे एकदा कळलं की पट्ट्या आंधळेपणाने ओढाव्या लागत नाहीत. शार्पनिंग फोटोत नवीन काहीच आणत नाही. कडेच्या काळ्या बाजूला थोडं जास्त काळं करतं, उजळ बाजूला थोडं जास्त उजळ करतं, बस, डोळ्याला वाटतं कड धारदार झाली. शार्पनिंगच्या टूलचं अनशार्प मास्क हे नाव ऐकून गोंधळायला होतं पण ते डार्करूममधून आलंय, तिथे निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर अशी एक पॉझिटिव्ह बनवायचे आणि दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढायचे, तो धूसर मास्क म्हणजे अनशार्प. सॉफ्टवेअरमध्ये अमाउंट म्हणजे काळं-उजळ किती करायचं, रेडियस म्हणजे ती पट्टी किती रुंद, थ्रेशोल्ड म्हणजे किती फरक असला तर त्याला कड समजायचं. ३०० पीपीआयला ३ पिक्सेल म्हणजे एक शतांश इंच, पाव मिलिमीटर. हातात धरून बघताना एवढी बारीक रेघ डोळ्याला वेगळी दिसत नाही, फक्त धार जाणवते. रेडियस कडेच्या दोन्ही बाजूंना पसरतो, म्हणून ए-४ ला तो १ ते १.५ च्या पुढे नेऊ नका. राजवाड्याच्या छताची काळी कड आणि मागे उजळ आकाश, इथे रेघ सगळ्यात आधी दिसणार, तेव्हा आकाश सिलेक्ट करून शार्पनिंगमधून सरळ वगळा. तसंही आकाशात शार्प करण्यासारखं काय असतं, नुसता नॉइज (रंगांचे बारीक दाणे) उठतो.

अमाउंट मात्र कागदावरच ठरवायची. स्क्रीनवर १०० टक्क्यांना बघता तेव्हा एक पिक्सेल प्रिंटमधल्या पिक्सेलच्या दुप्पट-तिप्पट मोठा दिसतो, म्हणून प्रिंटसाठी जे बरोबर असतं ते स्क्रीनवर खरखरीत वाटतं आणि माणूस घाबरून कमी करतो. ५० टक्क्यांना बघा, जरा जवळ जातं, पण खरं उत्तर टेस्ट पट्टीत. मी आपल्या इंदूरच्या कृष्णपुरा छत्रीच्या दगडी कोरीव कामाच्या फोटोला असं केलं होतं : एकच तुकडा, हाताच्या पंजाएवढा, तीनदा एका ए-४ वर खाली-खाली ठेवला, रेडियस १.२, अमाउंट ८०, १५० आणि २२०. मागे पेन्सिलीने आकडे लिहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात बघितलं. ग्लॉसीवर १५० नेमकं होतं, २२० मध्ये दगडाच्या कडा चुना लावल्यासारख्या दिसत होत्या. तीच पट्टी मॅट कागदावर काढली तर १५० फिकं पडलं आणि २२० मध्ये नक्षी सुरेख उठून आली. मॅटमध्ये शाई पसरते, त्यामुळे धार थोडी जादा द्यावी लागते. माझे आकडे तुमच्या प्रिंटरला लागू होतीलच असं नाही, पण दोन कागद वाया घालवून तुमचे स्वतःचे आकडे मिळतील, आणि ते वर्षानुवर्षं चालतील.

आणखी एक, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडलाय ना? फोटो पेपर घालून सेटिंग प्लेन पेपरवरच राहिलं तर शाईचं गणित चुकतं, प्रिंट मऊ आणि मळकट येतो, मग शार्पनिंगने काही होत नाही. बॉर्डरलेस निवडलं तर प्रिंटर फोटो किंचित ताणतो हेही लक्षात ठेवा, मी पांढरी चौकट ठेवून काढते.

तुम्ही इंदूरचे म्हणून सांगते, जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ १८७४ च्या सुमारास आपल्याच इंदुरात कॅमेऱ्याकडे वळले, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला असताना. तेव्हाची पद्धत म्हणजे काचेची निगेटिव्ह कागदाला टेकवून उन्हात प्रिंट उतरवायचा, जेवढी काच तेवढा फोटो. साइज बदलण्याचा प्रश्नच नाही, म्हणून त्या प्रिंटांतल्या कडा आजही बघत राहाव्यात अशा आहेत. आपली सगळी खटपट त्या बदललेल्या साइजची भरपाई आहे.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरचा (रंगांच्या मिरवणुकीचा) फोटो, राजवाड्यासमोर गुलालाचा ढग उडालेला. प्रिंटमध्ये गुलाबी रंगाचा नुसता सपाट पट्टा आला आणि वरून सगळा फोटो काळपट. शार्प केलं तर गुलाल रेतीसारखा दिसायला लागला. (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : तो भडक गुलाबी तुमच्या स्क्रीनला उजेड फेकून दाखवता येतो, शाईला कागदावर तेवढा जमत नाही. जे गुलाबी प्रिंटरच्या आवाक्याबाहेर आहेत ते सगळे एकाच जवळच्या गुलाबीवर येऊन बसतात आणि ढगाच्या आतल्या छटा जातात, तोच तुमचा पट्टा. कागदाच्या कंपनीचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात त्याची फाइल) मिळत असेल तर ते लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच बघा, नाहीतर फक्त गुलाबीचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) हळूहळू उतरवा, छटा परत दिसायला लागतात तिथे थांबा. स्क्रीनवर जरा फिकं वाटेल, कागदावर गुलाल जिवंत होईल. रंग सॉफ्टवेअर सांभाळत असेल तर प्रिंटरमधलं कलर करेक्शन बंद करा, दोघांनी मिळून रंग बदलले की चेहरे लालसर होतात. काळपट येण्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रीनचा ब्राइटनेस, पूर्ण वाढवून एडिट केलं की फोटो उजळ वाटतो आणि आपण तो गडदच सोडतो. पांढरी रिकामी विंडो उघडा, शेजारी खोलीच्या उजेडात कोरा कागद धरा, दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. शार्पनिंग फक्त चेहऱ्यांवर आणि ढोलांवर. ढगावर अजिबात नको, धुरळ्याला धार नसते.

प्रश्न : ताई, आजीच्या वर्षश्राद्धाला तिचा फोटो फ्रेम करायचाय. एकच जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, तो पुण्याला काकांकडे, त्यांनी मोबाइलने काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. ए-४ केला तर फोटो फुटून चौकोन चौकोन दिसतात. शार्प करून निघेल का? (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : नाही निघणार, आणि कृपा करून त्यावर वेळ घालवू नका. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो, ए-४ वर ते १३७ पीपीआय होतात, शिवाय कॉम्प्रेशनचे चौकोन. शार्प कराल तर आजीच्या गालावर ते चौकोनच उठतील. काकांना सांगा, जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती तशीच्या तशी येते. फोटो पोस्टकार्डएवढा, साडेतीन बाय साडेपाच इंच असेल तर ३३०० पिक्सेल मिळतील, ए-४ ला २८० च्या आसपास, छान होईल. स्कॅन शक्यच नसेल तर ए-४ चा हट्ट सोडून ५ बाय ७ करा, आहे त्या फाइलमध्ये ते बऱ्यापैकी निघेल.

स्कॅन आला की आधी धूळ आणि ओरखडे साफ करा, शार्प केल्यावर प्रत्येक ठिपका दुप्पट दिसतो. मग गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) लेयरची कॉपी करून फक्त वरच्या लेयरला शार्पन द्या, काळा मास्क लावा (त्याने तो लेयर झाकला जातो) आणि मऊ पांढऱ्या ब्रशने डोळे, नथ, लुगड्याचे काठ एवढंच उघडा. गाल आणि कपाळ तसंच राहू दे, जुन्या फोटोचा दाणा तिथे असतो, तो उठवला की चेहरा खडबडीत दिसतो. आजीच्या डोळ्यांत प्रकाशाचा बारीक ठिपका असेल, तो स्पष्ट झाला की बाकी फोटो किंचित मऊ असला तरी चेहरा आपल्याकडे बघतो. मॅट कागद घ्या, काचेमागे चांगला दिसतो. प्रिंट काढून लगेच काचेत घालू नका, एक दिवस सपाट ठेवून वाळू द्या, आणि भिंत अशी निवडा की ऊन येणार नाही.