सात किलो म्हणजे नक्की किती? हँडबॅगबद्दल वाचकांचे प्रश्न

विमानप्रवासाचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं हँडबॅगवरच आली. त्यामुळे यावेळी दुसरं काही नाही, फक्त हँडबॅग.

प्रश्न : पुण्याहून बंगळूरला मुलाकडे गेलो तेव्हा हँडबॅग कुणी बघितलीसुद्धा नाही. येताना तीच कंपनी, तीच बॅग, आणि काउंटरवर वजन करून पैसे घेतले. नियम दर वेळी बदलतो का? आणि बायकोची पर्स, माझी लॅपटॉपची बॅग हे पण सात किलोत धरायचं का?
(एक वाचक, चिंचवड)

काका, नियम तोच आहे, बघणारा माणूस बदलतो. गर्दी असली, विमान फुल्ल असलं की काउंटरवाले काटेकोर होतात, रिकामं असलं की सोडून देतात, पण जाताना सोडलं म्हणून येताना सोडतील हे गृहीत धरून चालत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या बॅगेवर दोन वेगवेगळे लोक नजर ठेवून असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. विमान कंपनीला फक्त वजन आणि माप यात इंटरेस्ट असतो, तिथे जास्त झालं तर पैसे भरून विषय मिटतो. सिक्युरिटीला, म्हणजे सीआयएसएफला, आत काय आहे आणि नग किती आहेत यात इंटरेस्ट असतो, तिथे पैशांनी काही होत नाही, एकतर वस्तू टाकून द्या नाहीतर परत जाऊन चेक-इन करून या. काउंटरवाल्या मुलीने "चालेल सर" म्हटलं होतं हे सिक्युरिटीच्या रांगेत सांगून काही उपयोग नसतो, आणि त्याच्या उलटंही तसंच.

आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त कंपन्यांचं इकॉनॉमीचं गणित एक बॅग, सात किलो असं आहे. इंडिगोचं उदाहरण घ्या, ७ किलोची एक बॅग, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर, आणि त्याशिवाय पर्स किंवा लहान लॅपटॉप बॅग ३ किलोपर्यंत. म्हणजे तुमची लॅपटॉप बॅग सातात नाही धरायची, पण ती खरंच लॅपटॉपची बॅग पाहिजे, चार कप्प्यांची फुगलेली सॅक घेऊन "यात लॅपटॉप आहे" म्हणालात तर ती दुसरी बॅगच झाली. पर्सचं तर सरकारी यादीतच आहे. विमानतळांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या बीसीएएसने २००० सालीच एका प्रवाशाला एकच हँडबॅग असं परिपत्रक काढलंय आणि त्यातून बायकांची पर्स, लॅपटॉप, कॅमेरा, कोट, वाचायचं पुस्तक, बाळाचं खाणं अशा गोष्टी वगळल्यात. २०२२ च्या जानेवारीत तोच नियम पुन्हा नीट पाळायला सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं नवीनच काहीतरी काढलं.

ते ११५ चाकं आणि हँडलसकट मोजतात. दुकानात केबिन साइज लिहिलेलं असतं तिथे कित्येकदा चाकं सोडून माप दिलेलं असतं, तेव्हा घरी टेपने स्वतः मोजा. आणि खरी गंमत वजनात आहे, चांगली टणक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची भरते, मग कपड्यांना उरले चार. मला विचाराल तर दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला ट्रॉली नेणं हा पैशांचा अपव्यय आहे, साधी कापडी सॅक किलोभराची असते आणि मापाच्या खोक्यात दाबून बसवताही येते.

प्रश्न : सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून छोट्या विमानाने गेले. बॅग सहाच किलोची होती, मापातही होती, तरी विमानाच्या शिडीपाशी काढून घेतली आणि खाली टाकली. आत माझे दागिने होते. हे असं करू शकतात का?
(एक वाचक, कुडाळ)

करू शकतात ताई, आणि तुमची चूक नव्हती. सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर इकडे येणारी विमानं म्हणजे बहुतेक एटीआर, पंख्याची. गोव्याची फ्लाय९१ तर सगळीकडे एटीआर ७२ च चालवते. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट, आपण मागच्या दाराने शिडीवरून चढतो, आणि डोक्यावरचे कप्पे मोठ्या एअरबसपेक्षा बरेच लहान. पहिल्या वीस माणसांनी चाकांच्या ट्रॉल्या आडव्या टाकल्या की संपलं, मग मागून येणाऱ्यांची बॅग नियमात असली तरी जागाच नसते. ती खाली सामानात टाकतात, त्याचे पैसे घेत नाहीत, उतरल्यावर कधी शिडीजवळ परत मिळते आणि कधी बेल्टवर येते. टॅग लावणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे विचारायचं, "कुठे मिळेल?"

पण महत्त्वाचं पुढे आहे. बॅग तुमच्या हातातून जायच्या आधी दोन मिनिटं मागून घ्या आणि दागिने, पैसे, औषधं, चष्मा, किल्ल्या काढून घ्या, आणि पॉवरबँक तर काढायचीच. पॉवरबँक खालच्या सामानात चालत नाही, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर वर निदान कुणाला दिसते, खाली कुणी बघायला नसतं. घाईत लोक विसरतात, कर्मचारीही विचारायचं विसरतो. म्हणून एटीआरने जाताना बॅगेच्या आत एक पातळ कापडी पिशवी ठेवून हे सगळं त्यातच भरून ठेवा, वेळ आली की पिशवी उचलायची आणि बॅग देऊन टाकायची.

पॉवरबँकेवरून बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. पॉवरबँकेवर लिहिलेले एमएएच गुणिले ३.७ आणि भागिले १०००, म्हणजे २०,००० वाली झाली ७४, चालते. आकडा पुसला गेला असेल तर अडवू शकतात, मग वाद घालू नका. २०२५ च्या शेवटी डीजीसीएने, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, आणखी कडक केलं, विमानात पॉवरबँकेवर फोन चार्ज करायचा नाही आणि ती वरच्या कप्प्यात न ठेवता आपल्याजवळच ठेवायची.

प्रश्न : आईने मुलासाठी कांदा-लसूण मसाला, मिरचीचं लोणचं, तूप, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि लाडू असं सगळं दिलंय. यातलं हँडबॅगमध्ये काय चालेल? फ्लाइट कोल्हापूर-हैदराबाद आहे.
(एक वाचक, इचलकरंजी)

लाडू चालतील, बिनधास्त न्या, फक्त डबा पटकन उघडता येईल असा वर ठेवा कारण घट्ट भरलेला स्टीलचा डबा दिसला की उघडून दाखवा म्हणतातच. चकली, शेव, पापड यांनाही कुणी काही म्हणत नाही.

मसाला चेक-इनमध्ये टाका. आपल्यासाठी तो मसाला पण सिक्युरिटीसाठी ती तिखटाची पूड, डोळ्यात फेकता येते. मिरचीच्या लोणच्याचं तेच, लिंबाचं किंवा कैरीचं असतं तर कदाचित सोडलं असतं, मिरचीचं नाही. तूपही खालीच, बरणीचं झाकण चिकटपट्टीने बंद करून दोन पिशव्यांत, नाहीतर मुलाला तूप लावलेले शर्ट मिळतील.

खोबरं मात्र घरीच ठेवा. लोकांना हे पटतच नाही, खोबऱ्याने काय होणार म्हणतात, पण सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते साठवणीत आपोआप तापू शकतं आणि म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. वर नाही आणि खालीही नाही. २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातात न्यायला सरकारला वेगळी, ठरावीक मुदतीची परवानगी काढावी लागली होती, यावरून समजा. हैदराबादला खोबरं मिळतं, आईंना तेवढं समजावून सांगा.

आणि हे सगळं देशातल्या देशात. परदेशी जाताना हँडबॅगमध्ये पातळ किंवा लिबलिबीत काहीही १०० मिलिलिटरच्या वरच्या बाटलीत चालत नाही, बाटली अर्धी रिकामी असली तरी नाही, आणि त्यात श्रीखंड, चटणी, टूथपेस्ट सगळं आलं.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी थायलंडला चाललोय. मुंबई-बँकॉक भारतीय कंपनीने, तिथून फुकेत एअरएशियाने. दोन्हीकडे सात किलोच लिहिलंय, मग एकच पॅकिंग चालेल ना?
(एक वाचक, ठाणे)

आकडा तोच पण हिशेब वेगळा आहे, आणि इथेच ग्रुपच्या ग्रुप अडकतात. आपल्याकडे सात किलोची बॅग आणि वर पर्स वेगळी. एअरएशियाकडे दोन नग चालतात, एक केबिन बॅग ५६ × ३६ × २३ सेंटिमीटरपर्यंत आणि एक छोटी बॅग सीटखाली मावेल अशी, पण दोन्ही मिळून सात. पर्ससुद्धा काट्यावर. म्हणजे मुंबईहून दहा किलो हातात घेऊन आरामात पोचाल आणि बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर तीन किलो जास्त निघेल, आणि तिथे वजन करतात हं, "अंकल चलता है" तिकडे चालत नाही.

दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं असली की त्यातल्या सगळ्यात कडक कंपनीच्या हिशेबाने बॅग भरायची. नाहीच जमणार असं दिसत असेल तर फुकेतच्या तिकिटावर सामान आधीच ऑनलाइन वाढवून घ्या, चौघीत मिळून एक मोठी चेक-इन बॅग घेतली तरी पुरते. विमानतळावर ऐनवेळी घ्याल तर तेच बरंच महाग पडतं. आणि हो, येताना शॉपिंग असणारच, तेव्हा वाढीव वजन परतीच्या बाजूला घ्या, जाताना नको. ड्युरियन आणायचा मोह झाला तर तिथेच खाऊन या, वासापायी विमानात घेत नाहीत.

प्रश्न : सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, त्यावर चेक-इन बॅग शून्य दिसतेय. वेबसाइटचा घोळ आहे की खरंच १५ किलो मिळणार नाहीत?
(एक वाचक, नाशिक)

घोळ नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत डीजीसीएने कंपन्यांना असं नुसत्या हँडबॅगेचं तिकीट स्वस्तात विकायची परवानगी दिली, मात्र बॅग घेऊन आलात तर किती पैसे पडतील ते बुकिंगच्या वेळी सांगायचं आणि तिकिटावर छापायचं अशी अट घातली. एअर इंडिया एक्सप्रेसचं एक्सप्रेस लाइट हे त्यातलंच. तेव्हा तिकिटाची पीडीएफ खालपर्यंत वाचा, तो आकडा तिथे सापडेल. दोन दिवसांच्या कामाला जात असाल तर उत्तम सौदा आहे, लग्नाला जात असाल तर आत्ताच वेबसाइटवर जाऊन बॅग वाढवा आणि मग स्वस्त तिकीट अधिक बॅग किती होतं ते साध्या तिकिटाशी ताडून बघा, कित्येकदा पाचशे रुपये महागाचं साधं तिकीटच शेवटी स्वस्त पडतं.

प्रश्न : वडील काठी घेऊन चालतात. काठी एक नग धरतात का? आणि मे महिन्यात आंब्याची पेटी हातात नेता येते का?
(एक वाचक, देवगड)

काठी धरत नाहीत, छत्रीही नाही, फक्त एक्स-रेतून जाते, तेवढ्यापुरता वडिलांना हात द्या.

पेटी मात्र पूर्ण नग. आंब्याला बंदी नाही, पण एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पेटी म्हणजे दोन नग झाले. डझनाची पेटी असेल तर वडिलांच्या नावावर हँडबॅग म्हणून ती एकच न्या आणि त्यांचे कपडे तुमच्या चेक-इन बॅगेत टाका. त्याहून मोठी असेल तर सरळ खाली द्या, नाजूक असल्याचा टॅग लावायला सांगा आणि फळं थोडी कच्चीच निवडा.