धुराडं दीपनगरचं, मोटार आपली

वाचकांचे प्रश्न : हवामान बदल आणि आपण

या महिन्याच्या पत्रांत एकच वाद निरनिराळ्या घरांतून आला आहे. उन्हाचं, अवकाळीचं हे जे काही वाढलं आहे, ते निस्तरायचं कुणी, आपण की सरकारने? सहा पत्रं निवडली आहेत. बहुतेकांत घरातलंच भांडण असल्याने नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला की सुरू होतो : युरिया कमी करा, मोटार रात्रभर चालवू नका. मी म्हणतो, भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची धुराडी रात्रंदिवस धूर ओकतात, अमेरिकेतला माणूस आपल्या कैक पट धूर करतो. माझ्या तीन एकर केळीने काय बिघडतंय? करायचं तर सरकारने करावं. आमच्यातलं खरं कुणाचं? (केळी उत्पादक, ता. यावल)

उत्तर : आधी तुमची बाजू. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आहे आणि अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांतला एक पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर साधारण ४५० टन वायू बाहेर पडतो. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराच्या विजेपोटी वर्षाला सुमारे ८४० किलो वायू धरता येतो. म्हणजे त्या संचाचा एक तास आणि पाचशेहून जास्त घरांचं अख्खं वर्ष सारखंच. कोळशाचं वीज केंद्र कधी बंद करायचं, त्याच्या जागी काय उभारायचं, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या हातात नाही. तिथे सरकारच लागतं, आणि तुम्ही ते मागता यात काही चूक नाही.

आता मुलाची बाजू. ती घरातल्या दिव्यांत नाही, शेतातल्या मोटारीत आहे. ५ एचपीची मोटार तासाला सुमारे साडेचार युनिट खाते. रोज ८ तास, वर्षातले २०० दिवस धरले तर ७,२०० युनिट झाले. देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो वायू निघतो, त्या हिशेबाने हे ५ टन. म्हणजे सहा घरांच्या विजेएवढं एका विहिरीवर! साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाल्यामुळे हा आकडा बिलावर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, एवढंच.

आणि आता मोटार रात्रभर चालते ती ज्याच्यामुळे, त्या ऑटो स्विचकडे या. स्टार्टरच्या पेटीत बसवलेला तो छोटा डबा वीज आली की मोटार आपोआप सुरू करतो. वीज रात्री दीडला आली तर दीडला सुरू, सकाळी जाईपर्यंत सुरू. झोपलेल्या शेतकऱ्याला दुसरा उपायच नसतो, कारण वीज कधी द्यायची हे त्याला विचारून ठरत नाही. पाण्याची ही नासाडी तुमची म्हणायची की रात्रीच्या वेळापत्रकाची? दोघांची आहे, म्हणून दोन्हीकडून सुटली पाहिजे. ग्रामपंचायतीकडून ठराव करून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये आपल्या फीडरसाठी (शेतीला वीज आणणाऱ्या वाहिनीसाठी) जागा सुचवा. या योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि शेतीची वीज दिवसा मिळते. तोवर ऑटोच्या जोडीला टायमर आणि विहीर आटली तर मोटार बंद करणारं ड्राय-रन संरक्षण बसवा.

टायमर किती तासांवर लावायचा, ते असं काढा. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ३५ सेकंद लागले तर तासाला २० हजार लिटरांच्या आसपास पाणी येतं. बोअर खोल असेल तर बरंच कमी येईल, म्हणून मोजल्याशिवाय ठरवू नका. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात. मे महिन्यात मोठ्या झाडाला ठिबकने रोज २० लिटरच्या आसपास पाणी पुरतं, म्हणजे एकरी ३५ हजार आणि तीन एकरांना लाखभर लिटर. वरच्या मोटारीला हे पाच तासांचं काम आहे. उरलेले तीन तास पाणी मुळांखाली जातं आणि बरोबर युरियाही घेऊन जातं.

युरियाचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे, म्हणजे ४३५ ग्रॅम युरिया, एकरी जवळपास १७ गोण्या. जमिनीत पाणी साचून हवा कोंडली की नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. नत्राचा १ टक्का असा गेला असं धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ४५ किलोच्या एका गोणीमागे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. जमिनीत युरियाचं विघटन होताना निघणारा वायू मिळवला तर १२० किलो. कारखान्यातला यात धरलेलाच नाही. एकरी दोन टन झाले! ठिबकमधून आठवड्याला थोडा थोडा दिला तर पाव हिस्सा युरिया वाचवता येतो, घड लहान न होता. व्हेंचुरीने (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीने) खत सोडून झाल्यावर १०-१५ मिनिटं साधं पाणी चालवा, नळ्यांची टोकं आठवड्यातून एकदा उघडून धुवा. ती गाळाने तुंबली की शेवटची झाडं पिवळी पडतात, मग माणूस ‘खत कमी पडलं’ म्हणून पुन्हा हाताने गोणी फेकतो आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

तेव्हा दीपनगरचं तुमचं खरं, विहिरीवरचं मुलाचं.

प्रश्न : कपाशीची पराटी (वेचणीनंतर उरलेल्या काड्या) जाळू नका असं कृषी विभाग सांगतो. पण त्या झाडाने हवेतूनच कार्बन घेतला होता ना? जाळला तर परत हवेत गेला, बेरीज-वजाबाकी शून्य. मग गुन्हा कसला? (कापूस उत्पादक, ता. शिंदखेडा)

उत्तर : तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे आणि तो विचारल्याबद्दल आनंद वाटला. पराटीचा धूर आणि कोळशाचा धूर हे एका मापाने मोजायचे नसतात. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, पराटीतला गेल्या जूनमध्ये हवेतच होता. पण ढीग धुमसत जळतो तेव्हा काजळी आणि मिथेनही निघतं, ते झाडाने हवेतून घेतलेलं नव्हतं. शिवाय सेंद्रिय कर्ब जमिनीत जायचा राहून जातो. कर्ब कमी झालेली जमीन पाणी धरत नाही आणि ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की पीक आधी तिथे माना टाकतं. जगाचं सोडा, जाळण्याचा हा तोटा थेट तुमचा आहे.

शेवटची वेचणी झाली की फरदड (आणखी वेचण्यांसाठी लांबवलेलं पीक) न ठेवता, काड्या ओलसर असतानाच त्यांचे तुकडे करणारं श्रेडर फिरवा. फेब्रुवारीनंतर त्या लाकडासारख्या होतात, पाती बोथट होतात आणि हातभर लांबीचे तुकडे राहतात. नुसत्या रोटाव्हेटरने हे काम होत नाही. बारीक तुकड्यांबरोबर उरलेल्या बोंडांतल्या गुलाबी बोंडअळ्याही चिरडल्या जातात. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून ओल द्या. हे टाकलं नाही तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि पुढचं पीक महिनाभर पिवळं दिसतं. ‘पराटी गाडली आणि मका बसला’ ही तक्रार याच कारणाने येते.

श्रेडर एकट्याने घेणं परवडत नाही. गट करून भाड्याने देणारी अवजार बँक काढा, अनुदानाचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतात.

प्रश्न : भुसावळला ऊन पूर्वीपासून आहे. ७२चा दुष्काळ आम्ही पाहिला, तेव्हा कुणी हवामान बदल म्हणत नव्हतं. निसर्गाचं चक्र आहे, येतं-जातं. (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : काका, एका कडक उन्हाळ्याने हवामान बदल सिद्ध होत नाही आणि एका जुन्या दुष्काळाने तो खोटाही ठरत नाही. चक्रं असतातच. प्रश्न असा की त्यांच्याखालची जमीनच वर उचलली गेली आहे का. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दर दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे २८० कण होते, आता ४२० च्या वर आहेत. हा कार्बन जुन्या इंधनातलाच, हे त्याच्या जातीवरून कळतं : कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कार्बनात कार्बन-१४ (कार्बनची हळूहळू नष्ट होणारी जात) उरत नाही, आणि हवेतलं त्याचं प्रमाण त्यामुळे पातळ होत गेलेलं मोजलं आहे. सूर्य तापल्यामुळे हे झालं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते तर थंड होत आहेत, खालचा थर तापतो आहे. गोधडी पांघरली की असंच होतं, उष्णता आत अडकते.

पावसाचंही तसंच. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस पडतो तेव्हा ओतल्यासारखा पडतो.

प्रश्न : गावात ४५-४६ अंश होते, मोबाइलवर दिसत होतं. बागा करपल्या. फळपीक विम्यात मात्र ‘निकष पूर्ण नाही’. सरकार तापमान खोटं दाखवतं का? (केळी उत्पादक, ता. रावेर)

उत्तर : खोटं म्हणण्याआधी स्टेशन बघून या. हवामान आधारित विम्याचा निर्णय तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर होतो. मोबाइलवरचा आकडा अंदाजाचा असतो, तो पुरावा म्हणून चालत नाही. उन्हात धरलेला थर्मामीटरही चालत नाही. अधिकृत तापमान म्हणजे सावलीच्या कवचात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरचं, मोकळ्या जागेतलं.

म्हणूनच केंद्राची जागा महत्त्वाची आहे. कडेला निंब वाढला असेल, बाजूला पाण्याखालचं शेत असेल, तर तापमान कमी नोंदलं जाईल. भिंत जवळ असेल तर वारा अडेल आणि वेग कमी दिसेल, म्हणजे वादळी वाऱ्याचा निकषही हुकेल. चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढा, झाडाचं आणि भिंतीचं अंतर टेपने मोजून लिहा. तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. मागणी नेमकी हवी : ‘अमुक मंडळ, अमुक ते अमुक तारीख, तासागणिक तापमान व वाऱ्याचा वेग, केंद्राच्या देखभालीच्या तारखा.’ ‘विम्याची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. गारपिटीसारख्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते, ती चुकली तर पुढचं भांडण लंगडं होतं. निकषांचे आकडे बदलतात, त्या वर्षीचा शासन निर्णय वाचूनच हप्ता भरा.

हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या १४ आणि २१ कलमांतून येणारा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. उन्हाने बाग गेलेल्या माणसाला ‘तू झाडं लावलीस का’ असं विचारणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. एवढी उष्णता काही त्याच्या युरियाने आणलेली नाही.

प्रश्न : ग्रामसभेत दरवर्षी पाचशे झाडांचा ठराव होतो, फोटो होतो, मार्चमध्ये काड्या उरतात. आता लोक म्हणतात, सरकारी कामच असं. (शिक्षिका, ता. साक्री)

उत्तर : ताई, ठरावात खड्डे असतात, पाणी नसतं. पाचशे रोपांना आठवड्याला प्रत्येकी १० लिटर म्हणजे ५ हजार लिटर, एक टँकर. फेब्रुवारी ते जून असे वीस टँकर, आणि हे दोन उन्हाळे. हा खर्च कुणाच्या नावावर पडणार ते ठरावातच लिहून घ्या. तेवढं पाणी नसेल तर पाचशेची शंभर करा.

त्याहून चांगलं उदाहरण तुमच्याच तालुक्यात आहे. बारीपाड्याने आधी लावलं नाही, राखलं. तोडलेल्या झाडांची मुळं जिवंत असतात; कुऱ्हाड आणि गुरं थांबली की तीच फुटतात, त्यांना टँकर लागत नाही. गावाने नियम केले, दंड ठरवला, पाणी अडवलं आणि चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं राहिलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जमीन वनखात्याची, राखण गावाची. दोघांपैकी एकानेही अंग काढून घेतलं असतं तर ते झालं नसतं.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मुलगी म्हणते दिवसभर कूलर लावणं पर्यावरणाला वाईट, आणि सासूबाईही तिचं ऐकून तो बंद करतात. (गृहिणी, धुळे)

उत्तर : कूलर लावाच. २०० वॉटचा कूलर आठ तास चालला तर दीड युनिटच्या आसपास जातं, साधारण एक किलो वायू. एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालायचा नसतो. मुलीला हा आकडा दाखवा, ती हुशार आहे, तिला पटेल.

कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा लागत नाही. गवताच्या पट्ट्यांवर क्षार साचले की हवा अडते, त्या दर महिन्याला धुवा. गच्चीवर एप्रिलच्या आधी चुन्याचे दोन हात द्या. खोली ४० च्या वर गेली तर नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो, तेव्हा ओल्या कापडाने अंग पुसत राहा. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून कोरडं पडलं, तर सरबत पाजत बसू नका. मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने गार करत १०८ ला फोन लावा.