बंद कोळसा खाणीतलं काचेसारखं पाणी पिता येईल का?

भावा, "काचेसारखं" हा शब्द वाचला आणि चहा तसाच ठेवून टाईप करायला बसलो. तू म्हणतोस गावाशेजारची खाण बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पाण्यानं भरलीय आणि आता तेच पाणी नळाला द्यायचं चाललंय. मी कोल्हापूरचा, इथं सगळा काळा दगड, कोळशाचा खडासुद्धा निघत न्हाई, पण नोकरीची पहिली चार वर्षं चंद्रपूरकडं पाण्याची सॅम्पलं गोळा करण्यात घालवलीत.

एकदा मे महिन्यात बंद खाणीच्या शाफ्टमधून, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीतून, सॅम्पल काढलं. दोर सोडून सोडून हाताला फोड आलेले. पाणी आलं ते एकदम निवळशंख. साहेब मला डिवचत म्हणाले, "तुमच्या पंचगंगेपेक्षा बरं आहे की रे!" मी म्हटलं नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाकूया, म्हणजे लोह खाली न बसता विरघळलेलं राहील, तर अ‍ॅसिडची बाटली ऑफिसात राहिलेली. "चालतंय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर सॅम्पलच्या बुडाला वीटकरी गाळ. लॅबवाल्यानं वरचं निवळ पाणी तपासलं, लोह नॉर्मल आलं, रिपोर्ट गेला पण. मी बोंबलत राहिलो, ज्युनियरचं कोण ऐकतंय.

आता झालं काय ते सांगतो. कोळशात आणि आजूबाजूच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खाण चालू असताना हवा लागून त्याचे क्षार भिंतींवर साठत जातात. खाण बंद झाली, पंप थांबले, पाणी चढलं की ते सगळे विरघळतात, त्यामुळं सुरुवातीचं पाणी सगळ्यात वाईट. खोल पाण्यात ऑक्सिजन नसतो, तिथं लोह विरघळलेलंच राहतं आणि दिसत न्हाई. वर काढलं, हवा लागली की गंज होऊन खाली बसतं, आणि बसताना पाणी आणखी आंबट करून जातं. म्हणून अ‍ॅसिड जागेवरच टाकायचं असतं साहेब, ऑफिसात परत आल्यावर न्हाई!

पूर्ण बुडालेल्या खाणीत हवा तुटते, नवीन आम्ल बनणं जवळजवळ थांबतं आणि पाणी हळूहळू सुधारतं हे खरं. पण उन्हाळ्यात उपसा करून पातळी खाली-वर केली की परत पहिले पाढे. शिवाय वर पावसाचं गोडं पाणी आणि खाली जड खारं असे थर असू शकतात, तुम्ही वरचं तपासणार आणि पंप खालचं ओढणार. तेव्हा दोन-तीन खोलीवरची सॅम्पलं घ्या, pH (पाणी किती आंबट ते) जागेवरच मोजा, आणि कुणी मोठा माणूस "चालतंय" म्हणाला तर त्याला पहिला ग्लास पाजा.

आणि हां, घाबरवायचं म्हणून लिहीत न्हाई. मेघालयात जैंतियाकडं कोळशात गंधक लई, तिथं नद्या आंबट झाल्या. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा त्या मानानं कमी गंधकाचा, वर खडकातला चुना आम्ल मारतो, त्यामुळं तुमचा pH ७, म्हणजे आंबट नसलेला, पण येईल. तेवढ्यावर खूश होऊ नका, आम्ल मरतं पण सल्फेट (पायराइटच्या गंधकापासून बनलेला क्षार) आणि पाण्याचा कडकपणा तसाच राहतो. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाहिजे, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. आर्सेनिक, मँगनीज वेगळं तपासा.

ती गाळाची बाटली मी पुरावा म्हणून घरी आणलेली. आईनं घासून त्यात काकवी भरली.