वय २४, ओक्लाहोमात एमएस करतोय, घरी गुरंढोरं कधीच नव्हती. रोडिओतलं बुल रायडिंग आता शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?

शिकता येईल. त्यावर पोट भरेल का असं विचारलं असतंत, तर ‘नाही’ एवढंच लिहून मोकळा झालो असतो. मी टेक्सासात फोर्ट वर्थजवळ राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची. तिशीत हे शिकलो, काही हंगाम आसपासच्या हौशी रोडिओंत (काऊबॉयांच्या कसबाच्या स्पर्धांत) उतरलो आणि आता सुट्टीच्या दिवशी एका सरावाच्या रिंगणात शूटवर, म्हणजे रायडर वळूवर बसतो त्या अरुंद कप्प्यापाशी, मदतीला असतो. चॅम्पियन वगैरे मुळीच नाही, तेव्हा त्या बेताने वाचा.

तुम्ही लिहिलंय की जिमला नियमित जाता, डेडलिफ्ट चांगली आहे. वळूला त्याचं काही पडलेलं नसतं. सातशे-आठशे किलोंच्या जनावराला ताकदीने कोणी धरून ठेवत नाही. नावाजलेले रायडर बघा, बरेचसे बुटके आणि काटक. कामाला येते ती मांड्यांची पकड, सैल कंबर आणि विचार न करता हलणारं अंग. ‘आता हा डावीकडे फिरणार’ हे वाक्य मनात पुरं होईपर्यंत तुम्ही खाली असता.

नियम थोडक्यात: उसळत्या वळूच्या पाठीवर आठ सेकंद टिकायचं, त्याच्या अंगाभोवती बांधलेला दोर एका हाताने धरून. मोकळा हात वळूला किंवा स्वतःला लागला तर राइड बाद. शंभरातले निम्मे गुण तुमचे, निम्मे वळूचे. पडलात तर तुम्हाला शून्य.

तुमच्यासोबत शूटवर उभी राहणारी पोरं पाच-सहा वर्षांची असताना मेंढीच्या पाठीवर बसलेली असतात. मग गोऱ्हे, मग खच्ची केलेले खोंड, मग हायस्कूल रोडिओ, आणि हुशार निघाली तर रोडिओच्या शिष्यवृत्तीवर कॉलेज. ही दहा-बारा वर्षं तुम्हाला भरून काढता येणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नका. पण ओक्लाहोमात असणं ही मोठी सोय आहे. तिथल्या कित्येक कॉलेजांचे रोडिओ संघ आहेत. तुमच्या विद्यापीठात असला तर आधी त्यांच्याकडे जा, बघू द्या म्हणा. ही माणसं अनोळखी माणसाला उभं करतात, फक्त गप्प राहून मदत करणारा हवा.

त्यानंतर रीतसर स्कूल. दोन-तीन दिवसांचं शिबिर असतं, फी काहीशे डॉलर. पहिला वेळ जातो तो चार बाजूंनी दोरांवर टांगलेल्या पिंपावर. चौघं दोर ओढतात, तुम्ही त्यावर बसायचं. बारमधला यांत्रिक बैल यापुढे काहीच नाही, त्याची लय ठरलेली असते. पिंपावर पायाभूत गोष्टी घोटून घेतात: हनुवटी छातीला टेकलेली, नजर वळूच्या दोन खांद्यांच्या मध्ये, पुढचे पाय वर आले की छाती दोरावर झुकलेली, मागची लाथ बसली की कंबर खाली रोवलेली. जमिनीकडे पाहिलंत की तिकडेच जाता. वळू गोल फिरायला लागला की तुम्ही त्या चक्राच्या आतल्या बाजूला ओढले जाता. तिथे बाहेरचा पाय तुम्हाला वाचवतो, म्हणून टाचेची पकड दोन्हीकडे सारखी हवी.

शिबिर निवडताना प्रशिक्षकाच्या पट्ट्यावरचं जिंकलेलं बक्कल पाहू नका. विचारा की बुलफायटर (पडलेल्या रायडरपासून वळूला दूर नेणारे) किती आहेत, वैद्यकीय माणूस जागेवर असतो का, आणि नवख्याला पहिला वळू कोण निवडून देतं. उत्तर देताना कोणी हसला तर दुसरीकडे जा.

आता उतरण्याबद्दल. याविषयी तुम्ही काहीच विचारलेलं नाही, आणि माझ्या मते शिकण्याचा निम्मा भाग हाच आहे. तळहात दोराच्या मुठीत असतो, दोरावर आणि ग्लोव्हवर राळ घासून ती चिकट केलेली. वळूच्या पोटाखाली दोराला घंटा लटकवतात, ती नुसती आवाजासाठी नसते. मूठ सुटली की तिच्या वजनाने दोर घसरून खाली पडतो. उजव्या हाताने धरलं असेल तर शक्यतो उजवीकडे उतरायचं, मोकळ्या हाताने दोराचं शेपूट ओढून. डावीकडे गेलात तर मनगटाला पीळ बसतो, मूठ अडकते आणि तुम्ही वळूच्या कुशीला लोंबकळत राहता. बघायला सगळ्यात वाईट प्रकार तो. अशा वेळी अंगावर जाऊन वळूचं लक्ष आपल्याकडे ओढणारे ते बुलफायटर. स्पेनशी त्यांचा संबंध नाही, त्यांच्या हातात तलवारही नसते. संध्याकाळी रायडरआधी त्यांना बीअर पाजावी असं माझं मत आहे.

लेन फ्रॉस्टचं नाव तुमच्या कानावर येईलच, त्याचं घर ओक्लाहोमातच होतं. १९८७चा विश्वविजेता. ३० जुलै १९८९ला वायोमिंगमधल्या शायेनला तो पडला नव्हता, आठ सेकंद पूर्ण करून उतरला होता. चिखलात उठता उठता वळूने पाठीत मारलं, बरगड्या मोडल्या आणि तो तिथेच गेला. वय २५. त्याच्या सोबत फिरणाऱ्या कोडी लँबर्टने त्यानंतर छातीचं संरक्षक जाकीट तयार केलं, आज त्याशिवाय कोणी बसत नाही. हेल्मेटचा वाद मात्र बरीच वर्षं चालला, कारण काऊबॉय हॅटचा मान. पीबीआरने (व्यावसायिक बुल रायडिंगच्या संघटनेने) २०१३पासून १५ ऑक्टोबर १९९४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. तुम्ही त्यात बसता. बसत नसतात तरी जाळीचं हेल्मेट आणि तोंडातला गार्ड घ्याच म्हणालो असतो. दोर आणि चॅप्स (पँटवरून घालायची चामडी आवरणं) उसने मिळतात, जाकीट आणि हेल्मेट स्वतःचं आणि मापाचं घ्या.

घरी सांगाल तेव्हा ‘त्या मुक्या जनावराला काय करता रे’ हा प्रश्न येणार, म्हणून तेही लिहितो. अंडाला दोर बांधतात म्हणून तो उड्या मारतो, ही निव्वळ थाप. तो पट्टा मऊ दोराचा असतो, मागच्या पायांच्या पुढे कमरेभोवती बसतो आणि राइड संपली की सोडतात. उड्या मारणं रक्तातच असतं. या वळूंच्या वंशावळी ठेवतात, डीएनएसकट नोंदणी होते. कोवळ्या खोंडांच्या पाठीवर माणूस न बसवता रिमोटने सुटणारी पेटी बांधून त्यांची परीक्षा घेतात. जनावराला काहीच त्रास नाही असं मी म्हणणार नाही. ट्रकमधले लांबचे प्रवास आहेत, कधी पायही मोडतो. पण चांगल्या वळूची बडदास्त रायडरपेक्षा बरी असते हे डोळ्यांनी पाहिलंय. आणि यातल्या बऱ्याच वळूंमध्ये ब्राह्मन रक्त आहे. ती जात अमेरिकेत १८५४ ते १९२६च्या दरम्यान आणलेल्या भारतीय गुरांपासून (काही ब्राझीलमार्गे) झाली: गीर, कांकरेज, ओंगोल, आणि आपल्या सांगली-बेळगाव पट्ट्यातली कृष्णा व्हॅली. शूटमध्ये वशिंडाचा वळू आला की मी मनातल्या मनात राम राम घालतो. त्याने काही फरक पडत नाही.

सर्किटचं, म्हणजे गावोगावच्या रोडिओंच्या साखळीचं, अर्थकारण एकदा समजून घ्या. पीआरसीएचं (व्यावसायिक रोडिओ काऊबॉयांच्या संघटनेचं) परमिट १८ वर्षांनंतर मिळतं. त्यावर १,००० डॉलर जिंकलेत की पूर्ण सदस्य होता येतं. तुमचं राज्य कॅन्सस आणि नेब्रास्कासोबत प्रेअरी सर्किटमध्ये येतं. प्रत्येक ठिकाणची प्रवेश फी तुमची, पेट्रोल तुमचं, मोटेल तुमचं. पडलात तर एक डॉलरही नाही. ४ जुलैच्या आसपास इतके रोडिओ असतात की पोरं एका गाडीत चौघं कोंबून रात्रभर चालवतात आणि दिवसाला दोन-दोन ठिकाणी बसतात. बाहेरचा माणूस वर जातच नाही असं नाही. पीबीआरचा पहिलाच विश्वविजेता, १९९४चा, ब्राझीलचा आद्रियानो मोराएस होता. पण तोही गुरांत वाढलेला.

तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल. बक्षिसाच्या पैशांसाठी कुठेही नाव घालण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारा. सराव आणि स्पर्धा यांत व्हिसाच्या दृष्टीने फरक पडू शकतो. आरोग्य विम्याची पॉलिसीही पूर्ण वाचा, विशेषतः धोकादायक खेळ वगळल्याचं कलम. खांदा निखळणं, बरगडी, मांडीचा स्नायू, डोक्याला मार, हे आज ना उद्या होणारच. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरने थांब म्हटलं की थांबायचं, मग शूटवर कोणी काहीही म्हणो.

सत्र संपल्यावर एखाद्या शुक्रवारी फोर्ट वर्थला या. स्टॉकयार्ड्समधल्या १९०८च्या काऊटाऊन कोलिझियममध्ये शुक्रवारी-शनिवारी रोडिओ असतो. एक संध्याकाळ तिथे बसा, दुसऱ्या दिवशी आमच्या सरावाला शूटच्या मागे उभे राहा. तरीही बसावंसं वाटलं तर पिंपापासून सुरुवात करू. येण्याआधी कोणत्या हाताने धरणार ते मेसेजमध्ये कळवा. दोर डावखुऱ्याचा वेगळा असतो, आणि उसना मागायला मला दोन दिवस लागतात.