पायदळात मुली हव्यात का? तीन पत्रं आणि माझी उत्तरं

३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, पहिल्यांदाच १७ मुली पास आउट झाल्या, त्याबद्दल मी मागे या सदरात लिहिलं होतं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की आता इन्फन्ट्रीचा, म्हणजे पायदळाचा, दरवाजाही मुलींना उघडायला हवा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून तीन घेतलीत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीवर, १४ वर्षं आर्मीत होते, एएससीत, म्हणजे रेशन, पेट्रोल, गाड्या हे खातं. लढाऊ शाखेत मी नव्हते, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न : मॅडम, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. तुम्ही ऑफिसर लोक कागदावर बोलता, रायफल कंपनी काय असते ते आम्हाला माहितीये. पाठीवर पिट्टू, हातात रायफल, खडा चढ, बर्फ, आणि शेजारचा गडी पडला तर त्याला खांद्यावर घेऊन खाली आणायचा. मुलगी मला उचलेल का? आणि एका बंकरमध्ये सहा-सात जण झोपतो आम्ही, तिथं ती राहणार कुठं? मुलींचा अपमान करायचा नाही मला, माझीही एक मुलगी पोलिसात आहे. पण पायदळ वेगळं असतं. – एक माजी सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर : हवालदारसाहेब, जय हिंद. तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण बाकीची बरीच पत्रं संस्कृतीवर होती आणि तुमचं कामावर आहे.

वजनाचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०१५ मध्ये याचीच मोठी चाचणी घेतली होती, पुरुषांच्या तुकड्या आणि मिश्र तुकड्या यांना तीच कामं दिली, चालणं, चढणं, जखमीला ओढून नेणं, आणि १३४ पैकी ९३ कामांत पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या, मुलींना दुखापतीही जास्त झाल्या. मुलींच्या बाजूने बोलणारे हा अहवाल लपवतात, विरोधातले तेवढाच सांगतात. आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट बघा. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकन आर्मीच्या रेंजर स्कूलमधून, जिथून निम्म्याहून जास्त पुरुष परत जातात, क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर या दोघी पास झाल्या, पुरुषांना असते त्याच परीक्षेत.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सरासरी मुलगी सरासरी मुलापेक्षा कमी वजन उचलते, आणि काही मुली बऱ्याच मुलांपेक्षा जास्त उचलतात. पण साहेब, भरती सरासरीची होते का कधी? तुमच्या वेळी भरतीला मैदानावर किती पोरं उभी होती आणि त्यातली किती घेतली, ती आठवा. जी परत गेली ती पण पुरुषच होती ना. त्यांना कुणी सांगितलं नाही की तुमच्या गावची सरासरी कमी पडते म्हणून तुम्ही धावूच नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की कामाची यादी आधी करा. रायफल कंपनीत किती किलो घेऊन किती तास चालावं लागतं, ऐंशी किलोचा गडी किती लांब ओढावा लागतो, किती उंचीवर. त्यावरून एकच परीक्षा ठरवा आणि ती मुलगा-मुलगी दोघांना तीच ठेवा, मुलींना सेकंदाचीही सवलत नको. आज फिटनेसच्या टेस्टमध्ये मुलींसाठी वेगळे टायमिंग असतात, इतर शाखांमध्ये ते चालेलही, पण पायदळात अजिबात नको, आणि हे मी मुलींच्याच भल्यासाठी म्हणतेय कारण सवलत घेऊन आलेल्या ऑफिसरच्या मागे जवान मनापासून चढणार नाही. पहिल्या वर्षी तीन पास झाल्या तर तीन घ्या. एकही नाही झाली तर एकही घेऊ नका, पुढच्या वर्षी परत परीक्षा घ्या. आणि कुणी म्हणत असेल की ऑफिसरला कुठे वजन उचलायचं असतं, तर ते इन्फन्ट्रीत चालत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तिथे कंपनी कमांडर पुढे असतो म्हणूनच आपल्याकडे तरुण ऑफिसर एवढे शहीद होतात.

बंकरचं उत्तर मी स्वतःच्या अनुभवातून देते. डोंगरात एका ठिकाणी आमची छोटी डिटॅचमेंट होती, मी एकटी बाई, एकच संडास, अंघोळीला पत्र्याचा आडोसा. पहिल्या दिवशी आमच्या सुभेदारसाहेबांनी वेळा ठरवून दिल्या, झोपायच्या जागेत ब्लँकेटचा पडदा लावला आणि तिसऱ्या दिवसापासून तो विषय कुणाच्या तोंडी नव्हता, विषय होता तो गाड्या वर चढतील का. ते सुभेदारसाहेब शेतकरी कुटुंबातले, जेमतेम दहावी झालेले. मला पुढे पाठवण्यावरून ज्यांची झोप उडाली होती ते एक सीनियर ऑफिसर होते आणि ते चांगल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले होते. पाळीच्या दिवसात त्रास झाला का, हो झाला, आणि थंडीत सगळ्यांनाच काही ना काही त्रास होत होता, कुणाचे पाय सुजले, कुणाचं डोकं दुखायचं. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचीनवर कुमार पोस्टला गेल्या, १५,६०० फुटांवर, प्रत्यक्ष ड्युटीसाठी. तिथे राहायची सोय होऊ शकते तर एलओसीच्या बंकरमध्ये पण होईल.

एक गोष्ट मला फार लागली होती ती इथे सांगतेच. बायकांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्यायच्या केसमध्ये सरकारकडून सुप्रीम कोर्टात असंही मांडलं गेलं होतं की जवान बहुतेक ग्रामीण भागातले असतात, बाईच्या हाताखाली काम करायची त्यांची मानसिक तयारी नाही. कोर्टाने १७ फेब्रुवारी २०२० ला, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते त्या खंडपीठाने, हे मान्य केलं नाही. ती केस लढाऊ शाखांबद्दल नव्हती, तो प्रश्न कोर्टाने सरकारवरच सोडला. पण तो युक्तिवाद वाचून मला आम्हा बायकांपेक्षा जवानांसाठी जास्त वाईट वाटलं. तुम्ही पोस्टवर असताना घरची शेती, म्हातारी माणसं, सोसायटीचं कर्ज, पोरांच्या शाळा हे सगळं कोण बघत होतं, वहिनीच ना? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, गावात सरपंचबाईंच्या सहीने कामं होतात. अशा गावातून आलेला गडी बाईचा हुकूम घेणार नाही हे कुणी ठरवलं? तो एवढंच बघतो की हुकूम देणाऱ्याला काम येतं का आणि वेळ आली तर तो आपल्याला सोडून पळेल का.

१९९२ मध्ये डॉक्टर-नर्स सोडून इतर शाखांत मुलींना ऑफिसर म्हणून घ्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या तुकडीत २५ जणी होत्या, प्रिया झिंगन त्यातल्या पहिल्या कॅडेट, त्यांना इन्फन्ट्रीच हवी होती, मिळाली नाही, त्या कायदा शाखेत गेल्या. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग फायटर पायलट झाल्या. २०२२ ला आपल्या नाशिकला आर्मी एव्हिएशनच्या स्कूलमधून कॅप्टन अभिलाषा बराक आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलट होऊन बाहेर पडल्या. २०२३ ला पाच मुली तोफखान्यात गेल्या. प्रत्येक वेळी आधी हेच म्हणत होते की इथे जमणार नाही. आता इन्फन्ट्री, रणगाडे आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री एवढंच उरलंय.

तुमच्या मुलीला माझा सॅल्यूट सांगा. आणि साहेब, तिला एकदा विचारा, बंदोबस्तात दगडफेक सुरू झाली तेव्हा तिच्या शेजारच्या शिपायाने तिची काळजी केली की तिच्यावर भरवसा ठेवला. तिचं उत्तर काहीही असलं तरी मला लिहून पाठवा, माझ्या विरोधात असलं तरी छापेन.

प्रश्न : ताई, बाकी सगळं मान्य आहे पण मुलगी शत्रूच्या हाती लागली तर? कल्पनाच करवत नाही. देशाने मुलींना या प्रसंगात टाकूच नये असं वाटतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, ही भीती माझ्या आईला पण होती, शेवटपर्यंत होती. तुम्हाला खोटा दिलासा देत नाही.

पण मे १९९९ मध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान पेट्रोलिंगला गेले असताना पकडले गेले, आणि जून महिन्यात त्यांचे देह परत आले तेव्हा त्यांचे जे हाल केले होते ते वाचवत नाहीत. ती पण कुणाची तरी मुलंच होती. सौरभ बावीस वर्षांचा होता काकू. मुलावर झालेला छळ आपण सहन करायचा आणि मुलीवर होऊ शकतो म्हणून तिला जाऊच द्यायचं नाही, यात मुलाच्या आईवर अन्याय आहे असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे लढाऊ शाखा बंद ठेवून मुलगी सुरक्षित राहते हा समजच चुकीचा आहे. २००३ मध्ये इराकमध्ये पकडली गेलेली अमेरिकन सैनिक जेसिका लिंच गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती, त्यांचा ताफा रस्ता चुकला आणि हल्ल्यात सापडला. आपल्या संसदेवर १३ डिसेंबर २००१ ला हल्ला झाला तेव्हा गेटवर ड्युटीला असलेल्या सीआरपीएफच्या कमलेश कुमारी ओरडून सगळ्यांना सावध करत गेल्या, त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. काबूलमध्ये २०१० ला भारतीय राहत होते त्या गेस्ट हाउसवर हल्ला झाला, तिथे धावत जाऊन ढिगाऱ्यातून माणसं बाहेर काढणाऱ्या मिताली मधुमिता एज्युकेशन कोअरच्या, म्हणजे शिकवणाऱ्या शाखेच्या ऑफिसर होत्या, त्यांना शौर्यासाठी सेना मेडल मिळालं. मी स्वतः रेशनच्या गाड्या घेऊन ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्यावर आयईडी, म्हणजे लपवलेले बॉम्ब, लावले जायचे, त्या बॉम्बला माहीत नव्हतं मी कुठल्या शाखेची आहे ते. शेवटी मुलीला धोका असणारच आहे, मग तिला त्याला तोंड द्यायचं पूर्ण ट्रेनिंग आणि हातात शस्त्र तरी द्या.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, एनसीसीत आहे, म्हणते एनडीएच करणार आणि इन्फन्ट्रीतच जाणार. हिचे बाबा म्हणतात इंजिनिअरिंग कर, नंतर लग्नाला अडचण येईल. मी मधल्या मध्ये अडकलेय. काय करू? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी मुलीला खरं सांगा. आज तिने एनडीए पूर्ण केलं तरी इन्फन्ट्री मिळणार नाही, नियमच तसा आहे. तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, एअर डिफेन्स, एव्हिएशन हे मिळू शकतं. ती पास आउट होईपर्यंत चार-पाच वर्षं जातील, तोवर नियम बदलावा असं मला मनापासून वाटतं, पण त्या भरवशावर तिने जाऊ नये. इंजिनिअर्सची माहिती काढायला सांगा तिला, पायदळाच्या पुढे जाऊन सुरुंग काढणं, पूल टाकणं हे त्यांचं काम, धाडस हवं असेल तर तिथे भरपूर आहे.

बाबांना सांगा की परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, आणि त्यानंतर एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड चाचणी आणि मुलाखत, पाच दिवसांची असते, तिथे बहुतेक मुलं-मुली गळतात, त्यामुळे बारावी नीट करायचीच आहे, गणित-फिजिक्स सोडायचं नाहीये (एअरफोर्स, नेव्हीसाठी ते लागतंच). नाही झालं तर इंजिनिअरिंग आहेच, त्यानंतर पण सैन्यात जायचे रस्ते आहेत. लग्नाचं म्हणाल तर कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाल्यावर स्वातीताई महाडिकांनी दोन मुलं असताना ओटीए, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचं ट्रेनिंग, पूर्ण केलं आणि २०१७ ला लेफ्टनंट झाल्या, आपल्या साताऱ्याच्याच घरातली गोष्ट आहे ही. लग्न आणि युनिफॉर्म दोन्ही सांभाळणं अवघड आहे, माझं मीच सांगते, बदल्या, वेगळं राहणं, मुलं आजीकडे, हे सगळं झालं आमच्याकडे. पण जो मुलगा तिचा युनिफॉर्म बघून नाही म्हणेल तो आधीच कळलेला बरा.

आता तुमच्या हातातलं काम. तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि व्हिटॅमिन डी पण. आपल्याकडे मुलींचं रक्त कमी असतं आणि कुणाला पत्ताच नसतो, मग अकॅडमीत रोजची धावपळ सुरू झाली की पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, कोर्स मागे पडतो, मुलगी रडते. आमच्या बॅचमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय. तिला आजपासून एकदम पाच किलोमीटर पळवू नका, आधी दोन महिने चालणं आणि हळू पळणं, चांगले बूट घ्या, दोरीवर चढणं आणि पुल-अप्स आत्तापासून, कारण मुली हातांच्या ताकदीत मागे पडतात आणि ती ताकद यायला वर्ष लागतं. घरात अंडी चालत असतील तर रोज दोन, नसतील तर शेंगदाणे-गूळ, डाळ, नाचणी, आणि दूध भावाच्या ग्लासाएवढंच तिच्या ग्लासात. रिपोर्ट आला की मला पाठवा, हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर आधी डॉक्टरकडे जा आणि मगच पळायला सुरुवात करा.