बायोपिकला चरित्रपट म्हणायचं की जीवनपट?

प्रश्न असा आलाय की बायोपिकला मराठीत नेमकं काय म्हणायचं, जीवनपट की चरित्रपट, आणि चरित्र म्हणजे कॅरेक्टर ना, मग माणसाच्या आयुष्यावरच्या सिनेमाला चरित्रपट कसं काय चालेल?

आधी दुसरं घेतो, कारण खरी गडबड तिथेच आहे. चरित्र म्हणजे कॅरेक्टर हा अर्थ हिंदीतला. हिंदीत माणसाच्या वागणुकीला, शीलाला चरित्र म्हणतात, नाटक-सिनेमातल्या पात्रालाही चरित्र म्हणतात, आणि आयुष्याची हकीकत लिहिली की तिला जीवनी म्हणतात. मराठीत तसं नाहीये. आपल्याकडे शील म्हणजे चारित्र्य, त्याला य जोडलेला, आणि चरित्र म्हणजे आयुष्याची हकीकत, एवढं साधं आहे. 'माणूस चारित्र्यवान आहे' आणि 'माणसाचं चरित्र लिहिलं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. हल्ली हिंदी मालिका बघून 'त्याचं चरित्र चांगलं नाही' असं मराठीत सर्रास बोललं जातं, ते ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा शब्द आपण सातशे वर्षं जपून वापरलाय. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या ग्रंथाचं नाव लीळाचरित्र. पुढे गुरुचरित्र आलं, आणि आत्मचरित्र तर आज शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मग चरित्रावरचा पट तो चरित्रपट, यात चुकीचं काहीच नाही.

आता जीवनपट. शब्द सुंदर आहे पण त्याचं काम वेगळं आहे. शाळेतले सर रिटायर होतात, निरोपसमारंभ असतो, आणि निवेदक माइकवर सांगतो की आता सरांचा जीवनपट उलगडून दाखवतील अमुक अमुक. तिथे सिनेमा नसतो, एखादा सहकारी उठून सरांचा जन्म, शिक्षण, पहिली नोकरी असं सांगत जातो. म्हणजे जीवनपट हे त्या आयुष्याचंच नाव, आयुष्य हाच गुंडाळून ठेवलेला पट, म्हणून तर त्याला क्रियापद 'उलगडणे' लागतं. पट म्हणजे मुळात कापड, आणि चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड हा अर्थ संस्कृतात सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे, चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथात चित्रपटाचा दृष्टान्तच आहे. पेपरवाले लिहितात 'टिळकांचा जीवनपट उलगडणारा चित्रपट', ते अगदी बरोबर आहे. पण 'टिळकांवरचा जीवनपट येतोय' म्हटलं की एकाच शब्दावर दोन कामं पडतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, माणूस जगला तो जीवनपट आणि पडद्यावर आला तो चरित्रपट.

अजून एक प्रश्न यातूनच निघतो, 'हा बायोपिक' की 'ही बायोपिक'? दोन्ही ऐकू येतं. ज्यांच्या डोक्यात फिल्म किंवा मूव्ही असते ते 'ही' म्हणतात. पण बायोपिकमधला पिक म्हणजे पिक्चर, आणि मराठीत पिक्चर कायम 'तो' असतो, पिक्चर लागला, पिक्चर पडला. गंमत बघा, 'मी सिंधुताई सपकाळ' हा 2010 सालचा सिनेमा एका बाईच्या आयुष्यावर आहे, तरी आपण म्हणतो "मी सिंधुताई सपकाळ बघितला". 'बघितली' म्हटलं तर कान लगेच टवकारतात. आपल्या घरात बोलताना सहज होतं हे, कुणी शिकवत नाही. म्हणून बायोपिक म्हणायचंच असेल तर 'हा बायोपिक' म्हणावं.

चरित्रपटाला जन्मापासून मरणापर्यंत सगळं दाखवावं लागतं का, असंही कुणी विचारेल. तर नाही. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये दादासाहेब फाळक्यांचं सगळं आयुष्य नाही, 1913 साली पडद्यावर आलेला राजा हरिश्चंद्र उभा करतानाची खटपट, घरातलं सामान विकणं आणि लंडनची वारी एवढ्यावरच सिनेमा उभा आहे, तरी तो चरित्रपटच. लीळाचरित्रही असंच एकेका लीळेनं, म्हणजे एकेका प्रसंगानं बनलंय, तेव्हा तुकड्यातुकड्यानं माणूस सांगायची रीत आपल्याला नवी नाही.

संतांवरच्या सिनेमांना मात्र आपल्याकडे संतपट असा वेगळा शब्द रुळलाय. प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम', विष्णुपंत पागनीसांचा, तो याच खात्यात टाकतात. याउलट अत्र्यांचा 1954 सालचा 'महात्मा फुले', ज्याला राष्ट्रपतींचं रजतपदक मिळालं, तो सरळ चरित्रपट. आणि ज्याच्यावर चरित्रपट आहे त्यालाही मराठीत शब्द आहे, चरित्रनायक. बाई असेल तर चरित्रनायिका, जसं 'आनंदी गोपाळ'मध्ये आनंदीबाई जोशी. सिनेमाचा हिरो आणि चरित्रनायक एकच असेल असं नाही, तिथे आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनाही तेवढीच जागा आहे आणि नावातही ते आहेत. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी हा शब्द वापरला तर 'ज्यांच्यावर हा बायोपिक आधारित आहे ती व्यक्ती' एवढं लांबलचक लिहावं लागणार नाही.

लिहिताना चरित्रपट एकत्र लिहा, मध्ये जागा सोडू नका. चारित्र्यपट मात्र चुकूनही लिहू नका.