बी-मेसॉन (क्वार्कपासून बनलेला एक जड, अल्पायुषी कण) आणि त्याचा प्रतिकण वेगवेगळ्या प्रमाणात का फुटतात? आरशातल्यासारखे सारखे नकोत का?

कण आणि प्रतिकण सारखेच वागावेत असं 1964 पर्यंत सगळ्यांना वाटायचं. त्या वर्षी केऑन नावाच्या, बी-मेसॉनहून हलक्या कणात सीपी सममिती (कणाच्या जागी प्रतिकण ठेवून आरशात पाहिलं तरी नियम तेच राहतात, ही कल्पना) किंचित मोडलेली दिसली. बी-मेसॉनमध्ये मात्र फरक चक्क मोजून दाखवता येतो. 2004 साली कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या बाबर प्रयोगात तटस्थ बी-मेसॉन धन केऑन आणि ऋण पायॉनमध्ये (पायॉन हा केऑनहूनही हलका कण) फुटल्याच्या 910 घटना सापडल्या, आणि प्रतिकणाच्या उलट्या फुटीच्या फक्त 696. म्हणजे एकूण घटनांच्या जवळपास 13 टक्क्यांची तफावत! (पुढे जास्त विदा आल्यावर ती 8 टक्क्यांच्या आसपास स्थिरावली.)

हे होतं कसं? त्याच शेवटाकडे जायला दोन वाटा असतात: एक सरळ, दुसरी क्वार्कच्या वळशातून जाणारी. या दुसरीला भौतिकवाले 'पेंग्विन' म्हणतात; आकृती बघून पेंग्विन दिसलाच तर मला कळवा. दोन्ही वाटांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. दुर्बल बलामुळे आलेली कला (म्हणजे लहर किती पुढे-मागे सरकली ते) प्रतिकणात चिन्ह बदलते, तीव्र बलामुळे आलेली तशीच राहते. म्हणून बेरीज कणाची आणि प्रतिकणाची वेगळी येते. वाट एकच असती, तर फरक शून्य.

खरी डोकेदुखी तीव्र कलेची. केऑन-पायॉनसारख्या हॅड्रॉनी क्षयात (ज्यातून निघणारे कणही क्वार्कचेच बनलेले असतात) ती नेमकी काढणं फार अवघड. त्यात विद्युतभारित बी-मेसॉन धन केऑन आणि तटस्थ पायॉनमध्ये फुटतो तेव्हा असममिती, म्हणजे कण-प्रतिकणातली तफावत, चक्क उलट्या चिन्हाची येते. ढोबळ हिशेबाने दोन्ही सारख्या हव्या होत्या.